ताक म्हणजे पाणीच

पणदऱ्याच्या शिवारात, कालव्याच्या अलीकडं दहा-बारा घरांची एक वस्ती आहे. त्या वस्तीला घड्याळाची गरज फारशी कधी पडली नाही, कारण तिथं छबूबाई होत्या. पहाटे गोठ्यात शिरता शिरता त्या "हरणेऽऽ" अशी हाक मारायच्या आणि कालव्यापलीकडची माणसं अंथरुणात उठून बसायची. हाक म्हशीला आणि जाग अख्ख्या शिवाराला, अशी त्यांची चेष्टा व्हायची. छबूबाई म्हणायच्या, "मंग उठा की! म्हस उठती, तुमाला काय झालं?"

त्यांचं माहेर कळंबचं. लहानपणी कारखान्याच्या भोंग्याशी स्पर्धा करून आपण हा आवाज कमावला, असं त्या सांगत. ते खरंच मानलं पाहिजे असं नाही, पण त्यांच्याकडं बघून खोटंही वाटत नसे. सासरी आल्या तेव्हा नवरा मिळाला महिपती, ज्याचं दिवसभरातलं बोलणं एका विडीच्या आत संपतं. दोघांचं मिळून बोलणं चारचौघांइतकं भरायचं, तेव्हा तक्रारीला जागा नव्हती.

हरणी ही पंढरपुरी म्हैस. शिंगं पार पाठीपर्यंत गेलेली, आणि नजर अशी की या घराचा सातबारा तिच्याच नावावर असावा. गोठ्यात जर्सी गाईही होत्या, पण त्या मुलाच्या, दिग्विजयच्या. त्यांची धार मशीननं काढायची, दूध डेअरीच्या गाडीत जायचं, सगळा कारभार हिशेबाचा. हरणीचं दूध मात्र कधी डेअरीला गेलं नाही. ते तापायचं, कोमट व्हायचं, त्याला विरजण लागायचं, आणि सकाळी छबूबाई रवी घेऊन बसल्या की वस्तीतली पोरंबाळं, सुना, म्हातारे किटल्या आणि तांबे घेऊन ओट्यावर हजर व्हायचे. लोणी घरात राहायचं आणि ताक वस्तीचं व्हायचं.

ताक विकायचं नाही, हा त्या घराचा नेम. सासूनं तो सुनेला सांगितला आणि सुनेनं तो जिवापाड पाळला. एकदा कुणीतरी म्हणालं, "छबूबाई, बारामतीत ताकाची पिशवी मिळती, तुमी फुकट काय वाटताय?" त्यावर त्या उसळल्या, "पाण्याचं कुणी पैसं घेतं का? ताक म्हंजी पाणीच!" समोरच्यानं सांगितलं की आता पाणीसुद्धा बाटलीत विकतात. छबूबाईंनी त्याची किटली काठोकाठ भरली आणि म्हणाल्या, "त्येंचं त्येंच्यापाशी."

हे बोलायपुरतं नव्हतं. त्या घरात ताक खरोखरच पाण्याच्या खात्यात जमा होतं. कुणी उन्हातून आलं की तांब्या ताकाचा. उपासाला ताक चालायचं, तहानेला चालायचं, दूध पचत नाही म्हणणाऱ्यालाही चालायचं. ताक प्याल्यावर "काही खाल्लं का?" असं विचारलं तर उत्तर यायचं, "न्हाय बा, नुस्तं ताक घेतलं." पुढं जो घोटाळा झाला त्याचं मूळ इथं आहे.

झालं असं, की एका चैत्रात छबूबाईंना थंडी वाजायला लागली. बारामतीकडच्या उन्हाळ्यात कुत्री नळाखालच्या ओलीत पोट टेकून पडतात, आणि या बाई भर दुपारी तांबडा स्वेटर घालून ओट्यावर. आधी सगळे हसले. मग लक्षात आलं की त्या स्वतः हसत नाहीत. चेहरा सुजल्यासारखा दिसायचा, केस विंचरले की फणीत पुंजका यायचा, रवीचे चार हात मारले की दम लागायचा. पोट साफ होत नव्हतं ते वेगळंच. वस्तीनं आपापल्या परीनं निदान केलं. कुणी वयावर ढकललं, कुणी वाताचं म्हणालं. शेजारची सारजा तर मीठ-मोहऱ्या घेऊनच आली आणि दृष्ट काढून गेली, कारण तिच्या मते एवढ्या आवाजाला नजर लागणारच.

आवाजच गेला होता. म्हणजे बोलता येत होतं, पण घसा जाड झाला होता, शब्द ओढत यायचे. एके पहाटे त्यांनी नेहमीसारखी हाक मारली आणि हरणीनं मान वर केली नाही. परत मारली. म्हैस रवंथ करत राहिली, जणू कुणी परकी बाई बोलत होती. छबूबाई गव्हाणीच्या कडेला बसल्या आणि त्यांना रडू आलं. एवढी वर्षं त्यांनी कशाला म्हणून डोळ्याला पदर लावला नव्हता.

ते सोनलनं पाहिलं. सोनल ही दिग्विजयची बायको. बोलायला चुरचुरीत, पण सासूवर तिचा जीव. तिनं तिथल्या तिथं स्कूटी काढली आणि छबूबाईंना, त्यांच्या स्वेटरसकट, बारामतीला डॉक्टर राजेश्वरी मॅडमकडं नेलं. रक्त तपासलं. मॅडमनी समजावून सांगितलं की गळ्यात फुलपाखराच्या आकाराची एक ग्रंथी असते, तिला थायरॉईड म्हणतात. अंगातली सगळी कामं कोणत्या वेगानं चालायची ते ती ठरवते. "तुमची मंद झालीय मावशी, म्हणून सगळंच मंद झालंय. थंडी वाजणं, थकवा, पोट, आवाजसुद्धा." एवढीशी पांढरी गोळी दिली. सकाळी उठल्यावर उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यायची, मग तासभर काही खायचं-प्यायचं नाही, उपासाच्या दिवशीही चुकवायची नाही, आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासायचं.

"येवढ्याशा गोळीनं माझी म्हस मला वळखंल का?" छबूबाईंनी विचारलं.

"ओळखेल," मॅडम हसून म्हणाल्या.

घरी दिग्विजयनं वेगळाच विषय काढला. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. आई दमते, तिला दमवणारी गोष्ट एकच, ती गोठ्यात उभी आहे, एवढं सरळ त्याचं गणित. "आई, हरणी दिऊन टाकू. शेळगावच्या मानसिंगमामास्नी इचारू. चांगल्या घरी जाईल."

मानसिंग म्हणजे महिपतीच्या मावसबहिणीचे, कुशाबाईचे, यजमान. इंदापूर तालुक्यात शेळगावला डाळिंबाची बाग, माणूस सरळ. त्यात नावं ठेवायला काही नव्हतं, आणि म्हणूनच छबूबाईंना जास्त राग आला. त्यांनी स्वेटर अंगाशी ओढून घेतला. मग म्हणाल्या, "मला पुन्यांदा रगात तपासायचंय. त्यात फरक दिसला तर म्हस हितंच ऱ्हाईल. न्हाय दिसला, तर माझ्या हातानं दावं सोडून दीन. झालं?"

"झालं," दिग्विजय म्हणाला. मानसिंगमामांना तसा निरोप गेला. महिपती ओट्यावर विडी ओढत बसले होते, त्यांनी फक्त खाकरा काढला.

आता ही बाई बरी व्हायच्या जिद्दीला पेटली. आणि जिद्दीला पेटलेल्या माणसाच्या हातात मोबाइल आला की काय होतं ते सांगायला नको. सोनलच्या फोनवर कुणा गोऱ्यागोमट्या माणसाचा व्हिडिओ आला होता. आपल्या आतड्यात कोट्यवधी सूक्ष्म जीव राहतात, ते चांगले असले की थायरॉईड चांगला, आणि ते वाढवायचे तर दही खा, ताक प्या, असं तो हातवारे करून सांगत होता. छबूबाईंनी तो परत परत लावायला सांगितला.

"म्हंजी विरजणातलं किडं?"

"किडं न्हाय ओ आई, जिवाणू."

"तेच ते. अगं, ते तर माझ्या घरात चार पिढ्या नांदत्यात!"

त्यांच्या चेहऱ्यावर त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी हसू आलं. औषध शोधायला बारामतीला गेलो आणि औषध आपल्याच मडक्यात, याचा त्यांना विलक्षण आनंद झाला. आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी गोळी ताकाबरोबर घ्यायला सुरुवात केली. लपवून नाही, सगळ्यांसमोर, भल्या पहाटे, पेला भरून. दोघं एकदमच पोटात गेले की तिथं त्यांची ओळख होईल आणि मिळून काम करतील, असा त्यांचा विचार. मॅडमनी पाण्याबरोबर सांगितलं होतं हे त्या विसरल्या नव्हत्या. पण ताक म्हणजे पाणीच. घरात कुणालाच त्यात वावगं दिसलं नाही. उलट त्यानंतर तासभर चहाला शिवायचं नाही, हा नियम त्या इतक्या कडक पाळायच्या की चहाचा वास आला तरी तोंड फिरवायच्या.

थोड्या दिवसांत पोट सुधारलं. मग काय विचारता! ओट्यावर ताक न्यायला येणाऱ्या प्रत्येकाला किटलीबरोबर व्याख्यान मिळू लागलं. इंदापूरला नात्यात एका बाळाचं जावळ होतं, तिथं तर पंगतीच्या पंगती त्यांच्याभोवती. "गोळी काय, ती आपली नावाला," त्या जड आवाजात सांगत होत्या, "खरं काम ताक करतं." बायका माना डोलावत होत्या. त्या घोळक्यात शेळगावच्या कुशाबाईही बसल्या होत्या, याकडं छबूबाईंचं लक्ष नव्हतं.

आवाज मात्र उघडत नव्हता. स्वेटर धुऊन ठेवला होता, पण पेटीत गेला नव्हता. हरणी हाकेला मान वर करायची ती कधी करायची, कधी नाही. छबूबाई स्वतःला समजावायच्या की औषध जुनं असलं की सावकाश लागू पडतं.

श्रावणात रक्त तपासलं. सोनलबरोबर त्या दवाखान्यात बसल्या तेव्हा नवं लुगडं नेसून, मॅडमसाठी लोण्याचा डबा घेऊन गेल्या होत्या. राजेश्वरी मॅडमनी रिपोर्ट पाहिला आणि कपाळाला आठी घातली. आकडा खाली यायचा तो वर गेला होता.

"मावशी, गोळी रोज घेता ना?"

"एक दिस चुकली न्हाय."

"उपाशीपोटी?"

"व्हय तर. त्यावर तासभर चहाबी न्हाय."

"कशाबरोबर घेता?"

"पाण्याबरोबर."

सोनलनं सासूकडं पाहिलं. "आई, ताकाबरोबर घेता की."

"मंग तेच म्हनती मी. ताक म्हंजी पाणीच."

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. त्यांना हसू येत होतं आणि हसण्यासारखी गोष्ट नव्हती, अशी त्यांची पंचाईत झाली. "मावशी, दुधात, दह्यात, ताकात कॅल्शियम असतं. ते या गोळीला आतड्यात धरून ठेवतं, रक्तात जाऊच देत नाही. तुम्ही गोळी रोज घेतलीत, पण ती अंगाला पुरती लागलीच नाही." मग थोडं थांबून म्हणाल्या, "मी पाण्याबरोबर म्हटलं, ताकाबरोबर नको असं म्हटलं नाही. तुमच्या भागात हे बोलायला हवं होतं. निम्मी चूक माझी."

छबूबाईंना चूक कुणाची याच्याशी कर्तव्य नव्हतं. "मंग त्यो मोबाइलवाला खोटं बोलला?"

"सगळं खोटं नाही. आतड्यातले जीव आणि थायरॉईड यांचा काही संबंध असावा, असं अभ्यास करणाऱ्यांना दिसतंय. थायरॉईड मंद झाला की आतडं मंद होतं, आणि आतडं मंद झालं की तिथली जिवांची वस्ती बदलते. जेवणातलं आयोडीन, लोह हे सगळं आतड्यातूनच रक्तात जातं. पण कुठला जीव नेमकं काय करतो, ते अजून पक्कं ठाऊक नाही. ताकानं पोट बरं राहिलं, छान आहे, दुपारच्या जेवणात खुशाल प्या. पण ताकानं गोळी सुटते असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. गोळीचं काम गोळीच करणार."

छबूबाई खाली बघत राहिल्या. "विरजण किती बी चांगलं असू द्या, दूध थंडगार असलं तर लागत न्हाय," त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. "येळ आन् मेळ बसावा लागतो."

"तसंच समजा," मॅडम म्हणाल्या. "साध्या पाण्याबरोबर सुरू करा. दिवाळीच्या सुमारास पुन्हा बघू."

स्कूटीवर मागं बसून येताना लोण्याचा डबा तसाच त्यांच्या मांडीवर होता. दिवाळीला काय दिसायचं ते दिसेल, पण बोली या रिपोर्टची होती. हरणी जाणार. ताकानंच ताक घालवलं, असं त्यांच्या मनात आलं. घरी दिग्विजयनं रिपोर्ट वाचला, बायकोकडून सगळं ऐकलं आणि मान खाजवत उभा राहिला.

"मामा उद्याच येत्यात पिकअप घेऊन. मी शबूद दिलाय. पर आई, तू म्हनत असशील तर..."

"शबूद माझाबी हाय," छबूबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपार कलताना पिकअप आली. मानसिंग उतरले आणि त्यांच्या मागून, त्यांच्या हाताचा आधार घेत, कुशाबाई. श्रावणातल्या त्या उकाड्यात त्यांच्या अंगात स्वेटर होता. डोळ्यांखाली सूज, चालणं जड. छबूबाई ओट्यावरून बघतच राहिल्या. आरशात बघितल्यासारखं वाटलं त्यांना.

"वन्सं, तुमाला बरं न्हाय?"

"थायराईड हाय की मला, वहिनी. वरीस झालं." कुशाबाईंचा आवाजही तसाच, जाड, ओढत आलेला. "पर आता काळजी न्हाय. तुमी जावळात सांगितलं न्हवं, खरं काम ताक करतं? म्या गोळी बंदच केली. इकतचं ताक पिऊन बघितलं, काय फरक पडंना. दिग्विजयचा निरोप आलाच व्हता, पर ह्ये म्हस नगं म्हनत व्हते. मंग ह्येंच्या मागं लागले, छबूवहिनींचीच म्हस आना म्हनलं."

मानसिंगना दुधाचा सोस असेल असं छबूबाई इतके दिवस धरून चालल्या होत्या. म्हैस निघाली होती ती त्यांच्याच बढाईच्या पायी, आणि त्या बढाईनं या बाईची गोळी सुटली होती. आता बोललं पाहिजे होतं. पण बोलायचं कसं? म्हैस न्यायला गाडी दारात उभी असताना, ताकात काही औषध नाही असं छबूबाईंनी सांगितलं, तर ऐकणारा काय समजेल? म्हशीसाठी बाई कांगावा करतेय, असंच. कुशाबाई मनातल्या मनात हसतील, घरी जाऊन पुन्हा ताकच पितील, आणि गोळीला शिवणार नाहीत.

त्या उठल्या. गोठ्यात गेल्या, हरणीच्या कपाळाला हळदीकुंकू लावलं, भाकरीचा तुकडा भरवला. खुंट्याचं दावं सोडलं आणि हरणीला घेऊन अंगणात आल्या. सगळ्यांदेखत दावं मानसिंगच्या हातात दिलं. जनावराचं दावं हातातून हातात गेलं की जनावर गेलं, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

"घ्या पाव्हणं. आता ही तुमची, माझा तिच्यावर हक्क न्हाय," त्या म्हणाल्या. "आन् आता मी जे बोलनार हाय ते म्हस राखायला बोलत न्हाय, येवढं ध्यानात ठिवा."

मग त्यांनी कुशाबाईंना समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. गोळी ताकाबरोबर कशी घेतली, रिपोर्ट कसा बिघडला, मॅडम काय म्हणाल्या. काही झाकलं नाही. ओट्यावर सारजा होती, आणखी दोघीतिघी होत्या, ज्यांना महिनाभर व्याख्यानं दिली होती, त्यांच्यादेखत सांगितलं. "वन्सं, मी जावळात जे बोलले ते तोंडाला आलं म्हनून बोलले. ताक प्या, पोटाला बरं पडतं. पर गोळी सोडू नगा. उद्याच्या उद्या डाक्टराकडं जावा आन् किती घ्यायची ते इचारा. माझ्या पाया पडल्यागत सांगते तुमाला."

कुशाबाईंनी अंगणात उभ्या असलेल्या म्हशीकडं पाहिलं, मग रिकाम्या झालेल्या खुंट्याकडं पाहिलं, आणि त्यांना ते पटलं. जिनं आधी म्हैस दिली तिला खोटं बोलायचं कारणच नव्हतं.

मानसिंग दावं धरून उभे होते. "मंग मी ही म्हस कशाला न्हेतोय?" त्यांनी दिग्विजयला विचारलं आणि कुशाबाईंकडं हात केला. "दिग्विजय, मला काय म्हशीचा धंदा करायचा न्हाय. हिच्यापायी आलो व्हतो. हिला बसल्या जागंवरनं उठवंना, ही शेण कवा काढायची?" त्यांनी दावं छबूबाईंपुढं धरलं. "घ्या वहिनी माघारी."

छबूबाईंनी हात पुढं केला नाही. रिपोर्ट खराब आला होता, बोली झाली होती. "आता ती तुमची हाय," त्या पुन्हा म्हणाल्या, पण आवाज फाटला.

तेव्हा ओट्याच्या कोपऱ्यातून महिपती उठले. विडी विझवून कानावर ठेवली, अंगणात आले आणि मानसिंगच्या हातातून दावं घेतलं.

"आना इकडं. मी बांधतो."

"तात्या, पर आईचा रिपोर्ट..." दिग्विजयनं तोंड उघडलं.

"रिपोर्ट आईचा न्हाय बिघडला, ताकाचा बिघडला," महिपती म्हणाले. "दिवाळीतोवर घुसळायचं मी बगतो." एका दमात इतकी वाक्यं त्यांच्या तोंडून कुणी ऐकली नव्हती. ते हरणीला घेऊन गोठ्याकडं निघाले, आणि ती त्यांच्या मागून अशी ऐटीत गेली जणू फिरायलाच बाहेर काढली होती. छबूबाईंनी पदर तोंडाला लावला. दिग्विजय हसायला लागला आणि मग सगळेच हसले.

ऊन उतरत होतं. छबूबाई लगबगीनं आत गेल्या, कारण त्या घरात दिवे लागल्यावर विरजण देत नाहीत. स्टीलच्या लहान डब्यात घट्ट दही घालून त्यांनी तो कुशाबाईंच्या हातात दिला. "म्हस न्हाय, पर हे न्ह्या. घरच्या गाईच्या दुधाला लावा. आन् गोळी पाण्याबरोबर. पाणी म्हंजी पाणी हां वन्सं, हापशाचं!"

वस्तीनं छबूबाईंना पुढं बरेच दिवस सोडलं नाही. किटली घेऊन येणारा प्रत्येक जण "छबूबाई, जरा पाणी द्या की" असं म्हणून दात काढायचा. त्याही मनमोकळं हसायच्या आणि प्रत्येकाला, मागितलं नसताना, गोळीची खरी रीत सांगायच्या. व्याख्यान बदललं होतं, थांबलं नव्हतं. महिपतींनी थोडे दिवस रवी ओढली. वस्तीतल्या बायका ते बघायला मुद्दाम लवकर येऊ लागल्या, तेव्हा दिग्विजयनं बारामतीहून विजेची रवी आणली. छबूबाईंनी आधी नाक मुरडलं, मग तिला कुंकू लावलं.

त्यांची सकाळ नव्यानं बसली. उठल्या की तोंड धुऊन गोळी, तांब्यातल्या पाण्याबरोबर. मग हरणीला वैरण, शेणघाण, धार. हे सगळं उरकेपर्यंत तास कधी सरायचा ते कळायचंही नाही, आणि मग सोनल चहा आणून द्यायची. ताक दुपारी भाकरीबरोबर. कोजागरीपर्यंत स्वेटर पेटीत गेला. दिवाळीच्या आधी मॅडमनी रिपोर्ट पाहिला, मान डोलावली आणि या वेळी लोण्याचा डबा ठेवून घेतला. गोळी मात्र चालूच ठेवायची, हे बजावून सांगितलं. छबूबाई म्हणाल्या, "ठिवते की. ती काय खायला मागती व्हय?"

भाऊबीज झाली आणि त्यानंतरची एक पहाट. हवेत गारठा होता, पण तो सगळ्यांसाठीच होता. छबूबाईंनी गोठ्यात शिरता शिरता "हरणेऽऽ" अशी हाक मारली. म्हशीनं मान वर केली, आणि कालव्यापलीकडं कुणीतरी खोकत उठलं. त्या धारेला बसल्या तेवढ्यात सोनल फोन घेऊन धावत आली आणि तिनं तो सासूच्या कानाला धरला.

"वहिनी, झाली का धार?" एक बारीक, खणखणीत आवाज आला.

"कोन बोलतंय?"

"कोन म्हंजी? अवं, मी कुशा! शेळगावची!"

छबूबाईंचे हात आचळांवरच थांबले. कुशाबाईंचा तो जड, ओढत येणारा आवाज त्यांना आठवला, आणि अंगणातला तो स्वेटर. त्यांनी डोळे मिटून घेतले. पलीकडून कुशाबाई डाळिंबाच्या तोडणीचं काहीतरी सांगत होत्या, हसत होत्या, आणि एकेक शब्द घुंगरासारखा स्वच्छ कानात पडत होता.

"जरा मोठ्यानं बोला वन्सं," छबूबाई म्हणाल्या, "ऐकू येत न्हाय."